बळकटी कोठे तयार होते?



या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, अर्थकारण अशा विषयांवर अधिकाराने बोलणारी मंडळी येत असतात. आम्ही कामगार चळवळीतले. आमचे शाळेतले शिक्षण अर्धवट राहिले. पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून, शेजारी शब्दकोश ठेवून. चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा बोनस, किमान वेतन किंवा नव्या कामगार संहिता अशी असावी. आम्ही विषय दिला तो फायबरच्या वस्तूंचा. त्या कशा बनतात आणि बनविण्याच्या रीतीमुळे त्यांची ताकद कशी कमीजास्त होते, याचा. चालकांपैकी एकाने हसून विचारले, "हा विषय तर इंजिनियरांचा. तो तुमचा कसा?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे भाषण, असे समजावे.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. ज्याला आपण व्यवहारात नुसते 'फायबर' म्हणतो, त्याचे शास्त्रीय नाव तंतुयुक्त संमिश्र पदार्थ. नाव मोठे आहे, पण कल्पना आपल्या घरातलीच आहे. कोकणात आणि मावळात कुडाची भिंत आपण पाहिली असेल. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, त्यांना आडव्या काठ्या बांधायच्या आणि वरून शेणमातीचा गिलावा द्यायचा. नुसती माती पावसाळ्यात ढासळते, नुसत्या काठ्या वाऱ्याला अडवत नाहीत. दोघींनी एकमेकींना धरले की भिंत उभी राहते. फायबरमध्ये काठीच्या जागी काचेचा किंवा कार्बनचा धागा असतो आणि मातीच्या जागी रेझिन, म्हणजे रासायनिक राळ. रेझिन प्रथम पातळ असते. त्यात हार्डनर मिसळले की काही वेळाने ते पक्के होते आणि धाग्यांना कायमचे जखडून टाकते.

आज ही वस्तू आपल्या भोवती सर्वत्र आहे. कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या आल्या. बसचा दर्शनी भाग, कित्येक हेल्मेटे, बागेतील घसरगुंडी, साताऱ्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पाती, ही सारी याच जातीची. बोईंग ७८७ या विमानाचे तर वजनाने जवळजवळ निम्मे अंग अशा संमिश्राचे आहे.

आता कोणी विचारील की काचेसारखी ठिसूळ वस्तू बळकटीसाठी कशी वापरता? १९२०-२१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्रिफिथ नावाच्या संशोधकाने याचे उत्तर शोधले. त्याने काचेच्या काड्या तापवून ओढून बारीक बारीक धागे केले आणि ते तोडून पाहिले. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या काडीच्या मानाने अतिबारीक धाग्याची ताकद, तेवढ्याच क्षेत्रफळाला, सुमारे वीसपट भरली. काच तीच, मग फरक कशाने? काच मोडते ती तिच्या अंगावरच्या सूक्ष्म भेगांमुळे. जाड काडीत मोठ्या भेगेला जागा असते, बारीक धाग्यात ती नसते. म्हणजे पदार्थाची ताकद त्याच्यातील गुणांइतकीच त्याच्यातील दोषांवर ठरते. हे एक वाक्य आजच्या साऱ्या विवेचनाची किल्ली आहे.

आता पोलादाशी तुलना करू. पोलादाची कांब कारखान्यात येते तेव्हा तिची ताकद आधीच ठरलेली असते. तिच्याबरोबर चाचणीचा दाखला येतो. लेथवरचा कामगार तिला कातून आकार देतो, पण पोलाद तेच राहते. वेल्डिंग करणे आणि पाणी देणे ही कामे याला अपवाद आहेत. तेथे कारागिराचा हात धातूच्या अंतरंगात शिरतो, आणि म्हणूनच चांगल्या वेल्डरला कोणताही शहाणा मालक दुखवत नाही. फायबरच्या वस्तूत हा अपवादच नियम होऊन बसतो. कारखान्याच्या दारात येतात ते कापडाचे गठ्ठे आणि रेझिनची पिंपे. त्यांना त्या वस्तूची बळकटी नसते. पदार्थ आणि वस्तू, दोन्ही एकाच वेळी, एकाच साच्यात जन्माला येतात. त्या साच्यापाशी त्या दिवशी जे घडेल तीच त्या वस्तूची जन्मपत्रिका. साच्यापाशी उभा असतो तो कामगार. म्हणून हा विषय इंजिनियरांचा आहे तितकाच आमचाही आहे.

तेथे काय काय घडू शकते ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट दिशेची. सुताराला विचारा, लाकूड शिरेच्या बाजूने फटकन फुटते, आडवे फोडायला घाम गाळावा लागतो. धाग्यांचेही तसेच. सर्व धागे एकाच दिशेला असलेली कार्बनची पट्टी धाग्यांच्या दिशेने ओढली तर अफाट ओझे पेलते. पण ओढ धाग्यांशी अवघा दहा अंशांचा कोन करून लागली, तर तीच पट्टी निम्म्याहूनही कमी ओझ्याला तुटते. दहा अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत जितका सरकतो त्याहून कमी. कापड साच्यात पसरताना ते किंचित तिरके गेले, किंवा खाली एक सुरकुती राहिली, की कागदावरचे गणित आणि साच्यातला माल यांची फारकत झाली. शिवाय धागा ओढ सोसतो, ढकल सोसत नाही. दोरीने बैलगाडी ओढता येते, ढकलता येत नाही. दाबाखाली धाग्याला सरळ उभे धरण्याचे काम रेझिन करते. सुरकुतीत धागा आधीच वाकलेला असतो, त्याला दाब आला की तो तेथेच मुडपतो. म्हणून दाब सोसणाऱ्या वस्तूत सुरकुती हा सर्वांत घातक दोषांपैकी एक मानतात.

दुसरी गोष्ट हवेची. हाताने थर लावताना मॅटवर रेझिन ओतून ब्रशने पसरतात आणि मग लोखंडी रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढतात. काम कंटाळवाणे, खांदे भरून येणारे. रोलर चार वेळा फिरवायचा तो दोन वेळा फिरवला तर वरून काहीच कळत नाही; आत बारीक बुडबुडे राहतात. त्यांचा परिणाम मोजलेला आहे. थरांमधली पकड, म्हणजे एका थरावरून दुसरा थर न घसरण्याची ताकद, दर एक टक्का पोकळीमागे सुमारे सात टक्क्यांनी उतरते, असा अनेक प्रयोगांचा गोषवारा आहे. चार टक्के पोकळी राहिली तर पाव हिस्सा ताकद गेली. घडीच्या पोळीचे पापुद्रे सुटले की आपण सुगरणीचे कौतुक करतो. येथे पापुद्रा सुटला की वस्तूचे आयुष्य संपत येते. विमानाचे भाग करताना म्हणूनच साच्यावर पिशवी घालून आतली हवा ओढून घेतात, आणि मग मोठ्या बंद भट्टीत वातावरणाच्या सहासात पट दाबाखाली, सुमारे १८० अंश सेल्सियसला ते भाजतात. तो सारा खटाटोप बुडबुडे काढण्यासाठी आणि रेझिन पुरते पक्के होण्यासाठी.

तिसरी गोष्ट पक्के होण्याची. पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर शेकडा एक ते दोन एवढेच लागते. ते किती घालायचे हे हवेवर ठरते. पौषातल्या सकाळचे प्रमाण वैशाखातल्या दुपारी चालत नाही. पक्के होताना रेझिन स्वतःच तापते. थर जाड असला किंवा हार्डनर जास्त झाले, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, रेझिन करपते, तडकते. शिवाय पॉलिएस्टर पक्के होताना आकारमानाने शेकडा पाच ते आठ आकसते; काच आकसत नाही. या ओढाताणीत काही ताण वस्तूच्या पोटात कायमचा अडकून बसतो. बाहेरचे ओझे येण्याआधीच ती वस्तू आतून ओझ्याखाली असते. काटकोनात बनवलेला कोपरा साच्यातून निघाला की एखाद्या अंशाने आत मिटतो तो याच आकसण्यामुळे. मग जोडणी करणारा त्याला शिकंजा लावून बळेच सरळ करतो आणि बोल्ट आवळतो. अडकलेल्या ताणात आणखी एका ताणाची भर पडली.

चौथी गोष्ट पाण्याची. आपल्याकडचा पावसाळा फायबरच्या शेडला मानवत नाही. काचेच्या मॅटवर दमट हवा बसली की धागा आणि रेझिन यांची गाठ पक्की बसत नाही. गाठ नसली तर ओझे एका धाग्यावरून दुसऱ्यावर जातच नाही. कुडाच्या भिंतीतली काठी मातीतून सुटावी तसा धागा आतल्या आत सुटतो. मॅटचे गठ्ठे कोरड्या खोलीत ठेवणे ही साधी गोष्ट, पण ती खोली बांधायला भाडे पडते.

पाचवी गोष्ट वस्तू तयार झाल्यानंतरची. बोथट ड्रिलने भोक पाडले तर ड्रिल बाहेर पडते त्या बाजूचे शेवटचे थर कापले न जाता ढकलले जातात आणि उचकटतात. मागे लाकडाची फळी धरली आणि ड्रिल धारदार ठेवले तर हे टळते. किंवा एखाद्याच्या हातून पाना निसटून वस्तूवर पडला. पोलादावर पोचा दिसतो. फायबरवर पुष्कळदा वर काहीही दिसत नाही आणि आतले पापुद्रे सुटलेले असतात. पाना पडला हे ज्याला ठाऊक तो एकटा कामगार. त्याने सांगितले तरच कळणार. आणि सांगितले तर पगार कापला जाणार असेल, तर तो सांगेल का?

बंधुभगिनींनो, येथे शास्त्र संपत नाही, पण येथून ते कारखान्याच्या मजुरीच्या हिशेबात शिरते. आम्ही तरुणपणी ज्या शेडमध्ये काम केले तिचे नाव घेण्याचे कारण नाही; तशा शेडी पुष्कळ होत्या. तेथे मजुरी नगावर होती. साचा जितक्या लवकर मोकळा होईल तितके नग जास्त. मुकादम संध्याकाळी फिरत येई आणि म्हणे, "हार्डनर थोडे वाढवा, माल निघू दे." माल निघे. वरचा रंगीत जेलकोट आरशासारखा चमके. त्या चकचकीत कातडीखाली काय आहे हे गिऱ्हाइकाला सहा महिन्यांनी कळे. त्या शेडमध्ये एक वयस्क कारागीर होते. रोलर पुरता फिरल्याखेरीज ते दुसरा थर पडू देत नसत. हवेचा अंदाज घेऊन हार्डनर मोजत. त्यांचा एकही नग परत आल्याचे आम्हाला आठवत नाही. आणि शनिवारी पगार वाटला जाई तेव्हा सर्वांत हलके पाकीट त्यांचे असे. ज्या व्यवस्थेत सर्वांत चांगला माल काढणाऱ्याला सर्वांत कमी दाम मिळतो, ती व्यवस्था कामगाराला रोज एक धडा शिकवीत असते. तो धडा कोणता हे आम्ही सांगायला नको.

त्या शेडमध्ये दारे बंद असत, कारण धूळ बसली की जेलकोट बिघडतो. पण पॉलिएस्टर रेझिनमधून स्टायरीनची वाफ निघते. डोळे चुरचुरतात, डोके जड होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनला कर्करोगाचे संभाव्य कारण या वर्गात टाकले. हा आरोग्याचा प्रश्न तर आहेच. पण ज्याच्या डोळ्यांतून पाणी वाहते आहे त्याला मॅटखालचा बुडबुडा दिसावा तरी कसा? वाफ ओढून घेणारा पंखा आणि बरा मुखवटा यांची मागणी आम्ही केली की मालक तिला सवलत म्हणतात. खरे पाहता ती मालाच्या बळकटीची अट आहे.

आता कोणी म्हणेल, या सगळ्या लहान शेडींच्या गोष्टी. मोठ्या जगात, मोठ्या कंपन्यांत असे होत नसेल. म्हणून तिकडची तीन उदाहरणे घेऊ. ती जाहीर झालेली आहेत.

१८ जून २०२३ रोजी 'टायटन' नावाची लहान पाणबुडी उत्तर अटलांटिक महासागरात, बुडालेल्या टायटॅनिक जहाजाकडे जात असता, पाण्याच्या दाबाने क्षणात चुरडली गेली आणि आतील पाचही माणसे मरण पावली. टायटॅनिक सुमारे ३,८०० मीटर खोल आहे. तेथे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ चारशे किलोचा दाब असतो. या पाणबुडीचे नळकांडे कार्बन तंतूंच्या संमिश्राचे, सुमारे पाच इंच जाडीचे होते. एक एक इंचाचे पाच थर निरनिराळे गुंडाळून, भाजून, एकावर एक चिकटवलेले. थरांत सुरकुत्या आल्या, त्या पुढचा थर देण्यापूर्वी घासून काढल्या. घासताना काय होते? उंचवटा जातो, पण त्याबरोबर तेथले धागेही कापले जातात. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासणी केली तेव्हा त्या पदार्थात पोकळ्या, सुरकुत्या आणि सुटलेले पापुद्रे आढळले. २०२२ च्या जुलैत एका फेरीहून वर येताना मोठा आवाज झाला होता आणि त्यानंतर नळकांड्यावरच्या मापकांची नोंद बदलली होती. मंडळाचा निष्कर्ष असा की त्या वेळीच पापुद्रे सुटले होते. त्या नोंदीचा अर्थ लावला गेला नाही आणि पाणबुडी पुन्हा पाण्यात उतरवली गेली.

आता यातली आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ऐका. हे नळकांडे दुसरे होते. त्याआधीच्या पहिल्याला २०१९ साली तडा गेला आणि ते टाकून द्यावे लागले. त्या पहिल्या नळकांड्याच्या वेळीच, जानेवारी २०१८ मध्ये, कंपनीतल्या डेव्हिड लॉक्रिज नावाच्या नोकराने, जो सागरी कामाचा प्रमुख होता, लेखी अहवाल देऊन सुरक्षिततेबद्दल हरकती घेतल्या होत्या. नळकांडे न फोडता आतून तपासावे, असा त्याचा आग्रह होता. त्याला नोकरीवरून काढण्यात आले. त्याने सरकारी खात्याकडे तक्रार केली. त्या तक्रारीचा वेळेवर तपास न होणे ही हुकलेली संधी होती, असे अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात लिहिले. माणूस पाच वर्षे आधी बोलला होता. पदार्थातली पोकळी यंत्राने मोजता येते. बोलणाऱ्याला गप्प केल्याने पडलेली पोकळी कोणत्या यंत्राने मोजायची?

दुसरे उदाहरण पवनचक्कीचे. १३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यासमोर समुद्रातील एका पवनचक्कीचे १०७ मीटर लांबीचे पाते मोडले. फोम आणि फायबरचे तुकडे नॅन्टकेट बेटाच्या किनाऱ्यावर येऊन पडले. ऐन उन्हाळ्यात किनारे बंद करावे लागले. पाते कॅनडातील गास्पे येथे बनलेले होते. बनविणाऱ्या जीई व्हर्नोवा कंपनीनेच सांगितले की आराखड्यात दोष नव्हता. पात्याची चिकटवणी अपुरी झाली होती आणि कारखान्यातल्या तपासणीत ती सापडायला हवी होती. मग त्या कारखान्यातल्या सुमारे दीडशे पात्यांची ध्वनिलहरींची चित्रे, दर पात्याला आठ हजारांहून अधिक, पुन्हा तपासायला घेतली. पुढे तेथील काही व्यवस्थापकांना काढल्याच्या आणि काही कामगारांना निलंबित केल्याच्या बातम्या आल्या. कोण किती दोषी याचा निवाडा या व्यासपीठावरून करण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण चित्रे आधीही काढता येत होती. ती नीट पाहायला जो वेळ लागतो तो आधी दिला असता तर स्वस्त पडला असता. २०२५ साली कंपनीने नॅन्टकेटच्या लोकांना भरपाई म्हणून १ कोटी ५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

तिसरे उदाहरण यंत्राचे आहे आणि ते बरे आहे. पुष्कळांना वाटते की यंत्रमानव आला की हाताचा प्रश्नच मिटला. २००९ साली बोईंग ७८७ च्या धडाचे भाग बनविणाऱ्या इटलीतील ग्रोताल्ये येथील कारखान्यात, कार्बनच्या पट्ट्या यंत्राने अंथरलेल्या असतानाही, कवचात बारीक सुरकुत्या आढळल्या. बोईंगने जून महिन्यात काम थांबविण्याचा हुकूम दिला, तयार भागांवर जादा थरांची थिगळे बसविली, आणि मग काम पुढे गेले. यातून दोन गोष्टी दिसतात. यंत्रही सुरकुती पाडते. पट्ट्यांमध्ये फट ठेवते, एकीवर दुसरी चढवते, आणि ते पाहायला शेवटी डोळसपणा लागतोच. आणि काम थांबविता येते. थांबविल्याने पैसा गेला, वेळ गेला. माणूस गेला नाही. टायटनच्या गोष्टीत आणि या गोष्टीत दोष एकाच जातीचा, सुरकुतीचा. फरक 'थांबा' या शब्दाचा.

अर्थात कामगाराची भलावण करून टाळ्या घेणे सोपे आहे, तेवढ्यासाठी आम्ही येथे आलेलो नाही. युनियनचे सभासदत्व म्हणजे बेपर्वाईचा परवाना नव्हे. प्रशिक्षण मिळाले, वेळ मिळाला, साधने मिळाली, आणि तरीही ज्याने रोलर फिरविण्याचा कंटाळा केला किंवा न घेतलेले माप वहीत लिहिले, त्याच्या बाजूने युनियनने उभे राहू नये. होडीत बसणारा कोळी आणि हेल्मेट घालणारा पोरगा हेही कामकरीच आहेत. त्यांच्या जिवाशी खेळून कोणत्याही कामगाराचा हक्क वाढत नाही.

पण मग मागणी काय? आम्ही ती चार वाक्यांत सांगतो. ज्या वस्तूवर माणसाचा जीव अवलंबून आहे, तिच्या कामाला मजुरी नगावर नको, वेळेवर द्या. प्रत्येक साच्यापाशी वही ठेवा. रेझिनचा पिंप कोणता, हार्डनर किती, हवा किती गरम, किती दमट, थर कोणी लावले, हे आमच्या भाषेत लिहिता येईल अशी वही. चूक किंवा अपघात आपण होऊन सांगणाऱ्याचा पगार कापू नका. आणि साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला 'थांबा' म्हणण्याचा अधिकार लेखी द्या. तो अधिकार वापरला म्हणून नोकरी जाणार नाही, याची हमी त्याबरोबर असू द्या.

मालक म्हणतील, याला खर्च येतो. येतो, हे खरे. पण दुसरी बाजूही हिशेबात धरावी. विमानाच्या भागांचा आराखडा करणारा इंजिनियर पदार्थाची सरासरी ताकद धरून चालत नाही. शंभर तुकडे तोडले तर किमान नव्वद तुकडे ज्या आकड्याच्या वर राहतील, आणि जेथे एकाच भागावर सारा भरवसा आहे तेथे नव्याण्णव, असा आकडा तो धरतो. कारखान्याचे काम एकसारखे नसेल, कधी उत्तम कधी गाळ, तर हा आकडा सरासरीच्या पुष्कळ खाली उतरतो. मग भीतीपोटी जादा थर घालावे लागतात. जादा कापड, जादा रेझिन, जादा वजन. काम एकसारखे असेल तर तोच आकडा वर चढतो आणि कमी मालात तेवढेच बळ मिळते. कामगाराच्या शिस्तीची किंमत अशी किलोत आणि रुपयांत निघते. ती किंमत ज्याने निर्माण केली त्याला तिचा वाटा मिळावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शेवटी दोन शब्द आपल्यासाठी, कारण आपण नागरिक आहात, कर भरता, वस्तू विकत घेता. सार्वजनिक कामात सर्वांत कमी किमतीची निविदा मंजूर झाली की आपल्याला पैसे वाचल्यासारखे वाटते. पोलादी वस्तूत कमी दिलेला माल पुष्कळदा तराजूवर तरी सापडतो. फायबरच्या वस्तूत कमी केलेला वेळ तराजूवर सापडत नाही. तेव्हा शाळेच्या बागेतली घसरगुंडी असो की मच्छीमार सोसायटीची होडी असो, किंमत विचारताना एवढे अवश्य विचारा की ही कोठे बनली, बनविताना नोंद ठेवली काय, आणि तपासली कोणी. आठवडी बाजारात मडके घेताना आपली आजी बोटाने वाजवून बघत असे. बद्द आवाज आला की ठेवून देई. विमानाच्या पंखावरही आज कारागीर नाणे वाजवून पापुद्रा सुटला आहे की नाही हे ओळखतात. तेव्हा वाजवून घेण्याची लाज वाटू देऊ नका.

आणि वाजविताना बद्द आवाज आला, तर केवळ ज्याच्या हाताने ती वस्तू बनली त्या कामगाराला बोल लावून थांबू नका. त्याला ती नीट बनवायला वेळ दिला होता काय, हेही विचारा. तो प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक जेव्हा वाढेल, तेव्हा साच्यापाशी 'थांबा' म्हणणाऱ्या माणसाचा आवाजही आपोआप मोठा होईल.